काट्याखालचा पाट

पहिली काठी मी माझ्या मुलाच्या नडग्यांवर मारली. तो सुनेला धरायला धावला होता आणि त्याला थांबवायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. तो उंबऱ्यातच आडवा झाला. दुसरी काठी सुनेच्या मनगटावर मारली. हात सुटला नाही. मग दात आवळून आणखी जोरात मारली, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला आणि हात सुटला.

ती कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला चिकटली होती. टेबलावर ओणवी, उजव्या हाताने डब्याची मागची कड धरलेली. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. चिकटलेलं माणूस ओरडत नाही. हे मला माहीत होतं, कारण माझा नवरा विहिरीवरच्या मोटारीला चिकटला तेव्हा तोही ओरडला नव्हता. त्याला ओढायला माझा दीर गेला, तोही तिथेच राहिला. एका विहिरीवरून आमच्या घरी दोघांना उचलून आणलं. म्हणून पहिली काठी मुलाला.

"सोड माले, माय!" तो ओरडत होता. मी त्याला धरलेलं नव्हतंच. त्याचे पायच उठत नव्हते.

"मेन पाड आधी!" मी म्हटलं. "तिले हात नको लावू!"

तो रांगत ओट्यावर गेला आणि मेन स्विच खाली ओढला. तोपर्यंत सून ओल्या फरशीवर पडली होती. डोळे उघडे. मी तिच्या नाकासमोर तळहात धरला. वारा लागला. मग लक्षात आलं की खिडकीतल्या कूलरचा पंखा अजून सावकाश फिरतोय. हा वारा तिचा की कूलरचा, ते कळेना. मी तशीच हात धरून बसले. पंखा थांबला. हाताला काही लागेना.

मुलाने तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला सुरुवात केली. हे त्याला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तो रडत होता आणि दाबत होता. मी तिचे पाय चोळत होते. त्याचा काही उपयोग नसतो हे मला माहीत होतं, पण हात रिकामे ठेवता येईनात. मग तिच्या घशातून घरघर आली, नळाला पाणी यायच्या आधी पाइपात येते तशी. आणि श्वास आला. डोळे मात्र कुणाकडे बघत नव्हते.

शेजारच्या पिकअपमध्ये टाकून तिला नेलं. धरणगावच्या डॉक्टरने तपासून लगेच जळगावला पाठवलं. वाटेतून मुलाचा फोन आला. नाडी आहे, पण ठोके मागेपुढे पडतायत, शुद्ध नाही, डॉक्टर म्हणतात आत्ताच काही सांगता येणार नाही. एवढंच बोलला. तिच्या आईला त्याने कळवलं होतं. ती धुळ्याकडची, सोनगीरची. ती बाई तिकडून निघाली होती.

मी गेले नाही. पिकअपमध्ये जागा होती. पण ती खोली तशीच सोडून जाण्यासारखी नव्हती. संध्याकाळी सारं गाव दूध घेऊन त्या खोलीत येणार होतं, अनवाणी. मी काठी घेऊन दारात बसले.

ही खोली म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. गावच्या दूध डेअरीने ती ऑफिससाठी घेतली आहे. आत एक लोखंडी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि दुधाचं फॅट काढायचं मशीन. खाली फरशीवर दूध मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावर कॅन ठेवली की वजन वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातं. कॉम्प्युटरवर माझी सून बसते. ती बारावी झालेली आहे. मी चौथीपर्यंत गेले. माझं काम फरशी धुण्याचं. दूध सांडतं, उन्हाळ्यात तासाभरात वास मारतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी दूध गोळा झाल्यावर मी फरशी बादलीने धुते.

आणि त्या खोलीत चप्पल नाही. ती पद्धत पहिल्यापासूनची. दूध लक्ष्मी आहे, तिच्यासमोर पायात घालून उभं राहायचं नाही. कुणी विसरून आला तर बाकीचे त्याला हाकलायचे. डेअरीचे प्रमुख, ज्यांना सारे नाना म्हणतात, तेही चपला ओट्याखाली काढून येतात. त्यांच्या टाचांना भेगा आहेत, ओल्या फरशीवर त्यांचे पाय उमटतात.

उन्हाळा सुरू झाला आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. चालता चालता पडदा काळा व्हायचा, मग आपोआप पुन्हा सुरू. कधी काट्याचं वजन भलतंच यायचं. एका म्हातारीच्या लोटाभर दुधाचं वजन म्हशीएवढं आलं. सारे हसले. ती म्हणाली, "मन्ही म्हैस बी मोजी टाका मग!" सूनही हसली, पण तिला दर वेळी सगळं परत टाइप करावं लागायचं आणि रांग ओट्याखाली रस्त्यापर्यंत जायची.

नाना आधी तिलाच बोलले. "पोरगी बटनं लई जोरमा दाबस." ती आत येऊन मला म्हणाली, "आत्या, दोष बटनांचा नाही. डब्याले हात लावला का मुंग्या येतस."

मी जाऊन हात लावला. मलाही आल्या. कोपरापर्यंत.

जळगावहून मेकॅनिक आला. चाळिशीचा माणूस, पाठीवर सॅक, पायात जाड तळाचे बूट. उंबऱ्यात तो बूट काढायला वाकला तर नानांनी त्याला थांबवलं. "राहू द्या, राहू द्या. तुम्ही साहेब. दुधात पाय भरतील." साहेबाला पद्धत माफ. तो बुटांसकट आत आला.

डबा उघडायचा म्हणून त्याने आधी कूलर बंद करायला सांगितला. कूलरचे तुषार आत उडतील म्हणाला. बरोबरच होतं. मग पार्ट काढले, रॅमची पट्टी खोडरबराने घासली, फुंकली, बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि तो होता तोवर शहाण्यासारखा चालला.

सुनेने त्याला मुंग्यांचं सांगितलं. त्याने डब्यावर सगळा पंजा ठेवला. "कुठे काय? मला तर काही लागत नाही, वहिनी. आपल्याकडे हवा कोरडी. स्वेटर काढताना चट् होतं ना, तसलं असणार."

"मला पण लागतं," मी म्हटलं.

"अक्का, तुमच्या वयात हात बधिर होतात."

"बधिर झाल्यावर लागतं की लागत नाही?" मी विचारलं.

नाना हसले. तोही हसला. पण माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, "अर्थिंग आहे ना घराला?" मुलाने भिंतीवरची हिरवी वायर दाखवली. बोर्डातून निघून ती भिंतीच्या कडेने खाली येते आणि अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली आहे. आमच्या गावात सगळ्यांची अशीच आहे. नळाचा पाइप जमिनीखालून लांबपर्यंत जातो, करंट त्यातून जमिनीत उतरतो. मेकॅनिकने वायर बघितली, ओढून बघितली, घट्ट होती. "ठीक आहे," म्हणाला.

तो गेला, कूलर लावला, संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा मेला.

दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, आतला वीज देणारा डबा खराब आहे. तो बदलला. दोन दिवस बरं चाललं, कारण त्या दोन दिवसांत आभाळ होतं आणि कूलर कुणी लावला नाही. हे आता कळतं. तेव्हा नवीन डब्याचा गुण वाटला. मग ऊन तापलं आणि पुन्हा तेच. तो सगळा कॉम्प्युटर उचलून जळगावला घेऊन गेला. त्याच्या दुकानात दिवसभर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. परत आणून लावला, तो दूध गोळा होता होता गेला.

गावात बोलायला विषय झाला. कुणी म्हणे खोलीला बाधा आहे. कुणी सुनेकडे बघून म्हणे, साहेब आला का चालतो आणि हिने हात लावला का मरतो, मग दोष कुणात आहे ते दिसतंच आहे. हे तिच्यासमोर म्हणायचे. ती ऐकायची आणि डब्याला हात लावताना बोटाच्या मागच्या बाजूने लावायची, तवा तापलाय का बघतात तशी. तिला भीती वाटत होती. तिने ती मला दोनदा सांगितली. मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, मेकॅनिक शिकलेला माणूस आहे, त्याला लागत नाही तर नाही.

गंमत अशी की कूलरला आम्ही सारे भ्यायचो. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, त्यात मोटार. पाणी भरायच्या आधी बटण बंद करायचं, पिन काढायची, पायात चप्पल घालायची, मगच पाइप लावायचा. हे आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं. दर उन्हाळ्यात कूलरने कुणीतरी गेल्याचं ऐकू येतं. कॉम्प्युटरने कुणी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे शिक्षणाची वस्तू. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतो.

तिसऱ्यांदा मेकॅनिकने आतली मोठी पाटी काढली, मदरबोर्ड म्हणतात ती. भिंगातून बघितलं आणि त्याला एक जागा जळलेली सापडली. काट्याची वायर जिथे कॉम्प्युटरला लागते नेमकी तिथे. तो खूश झाला. "सापडलं!" म्हणाला. काटा ओल्या फरशीवर असतो, ओल वायरीत चढते आणि पाटी जाळते. पाटी बदलून देतो, पण काटा फरशीवर ठेवायचा नाही. खाली काहीतरी लाकडी ठेवा.

घरात पाट होता. सुनेच्या लग्नात नवरा-नवरीला बसवायला केलेला, सागाचा, पितळी फुलांचा. तो काट्याखाली बरोबर मावला.

आणि कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, आठवडा गेला. वजनं बरोबर. नानांनी टेबलासमोर नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मेकॅनिकला फोन करून सांगितलं, तुमच्या हाताला यश आहे. सुनेला बोलणारे गप्प झाले. ती मोकळी झाली. डब्याला बोटाच्या मागच्या बाजूने हात लावायचं तिने सोडून दिलं.

त्या दुपारी सकाळचं दूध गेल्यावर मी फरशी धुतली. कूलर चालू होता. ती चार्जर की काय मागे लावायला उठली आणि वाकून तिने डबा पुढे ओढला, पूर्ण पंजाने धरून.

मेकॅनिक त्याच दुपारी आला. नानांनी त्याला फोनवर काय सांगितलं माहीत नाही, पण त्याचं तोंड पांढरं पडलेलं होतं. त्याने ओट्याखाली बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. अनवाणी उंबऱ्यात आला आणि मी काठी आडवी धरली.

"बूट घाल."

"अक्का, दुधाची जागा..."

"दूध नाहीये आता. बूट घाल. मला आणखी एक उचलायचा नाही."

तो खाली गेला, बूट घालू लागला आणि एक बूट हातात धरून तसाच बसून राहिला. बुटाचा जाड रबरी तळ अंगठ्याने दाबून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी दर वेळी बूट घालून आलो होतो."

मला त्या वेळी तो अर्थ कळला नव्हता. त्याला कळला होता. त्याने बूट चढवले, नाड्या करकचून आवळल्या आणि आत आला.

खोलीत कुणी यायला तयार नव्हतं. नाना ओट्यावर उभे, तेही चपला घालून. मला माझ्याच घराची भीती वाटत होती. पाण्याचा माठ शेजारच्या खोलीत होता, त्यावर स्टीलचं झाकण. घसा कोरडा पडला होता, पण मी झाकणाला हात लावला नाही. गोठ्याची भिंत आणि या खोलीची भिंत एकच. म्हशी साखळीने बांधलेल्या. मी जाऊन काठीच्या टोकाने साखळीच्या कड्या काढल्या आणि त्यांना मोकळं सोडलं. त्या अंगणात फिरत होत्या आणि मी त्यांच्या पायांकडे बघत होते, कुठे दचकतात का. करंट कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. साप घरात शिरलेला बघितला आणि निघालेला बघितला नाही, म्हणजे तो सगळ्याच कोपऱ्यांत असतो. तसं झालं होतं.

फोन माझ्या पदराला बांधला होता. वाजत नव्हता.

मेकॅनिकने मेन बंद असतानाच कूलरचं बटण पाडलं आणि बाकीच्या सगळ्या पिना काढल्या. मग एका होल्डरमध्ये बल्ब लावला, त्याला दोन वायरी. "अक्का, मी सांगेन तेव्हा मेन चढवा. आणि ती काठी बाजूला ठेवा. मला धाक वाटतो."

"ठेवणार नाही. चिकटलास तर मारीन."

"हळू मारा."

"हळू मारून सुटत नाही."

मी मेन चढवला. त्याने एक वायर सॉकेटच्या करंटच्या भोकात घातली, दुसरी शेजारच्या भोकात. बल्ब पेटला. मग दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात घातली, अर्थिंगच्या. बल्ब पेटला नाही. काढून पुन्हा घातली. नाही.

"पेटायला पाहिजे," तो म्हणाला. "अर्थिंग असेल तर पेटायलाच पाहिजे."

त्याने मेन बंद करायला लावला आणि हिरव्या वायरीच्या मागे मागे निघाला. भिंतीच्या कडेने अंगणात, नळापर्यंत. नळाचा लोखंडी पाइप भिंतीतून बाहेर आलेला, हिरवी वायर त्याला घट्ट. त्याने पहार मागितली आणि नळाखाली खणायला लागला. वीतभर खाली लोखंड संपलं. तिथून पुढे निळा प्लॅस्टिकचा पाइप.

नानांनी कपाळावर हात मारला. नवीन नळयोजनेत सगळ्या गावाचे पाइप बदलले होते. रस्ता खणला, गंजलेलं लोखंड काढून नेलं, प्लॅस्टिक टाकलं, वरून काँक्रीट. दाराजवळचा हातभर तुकडा चांगला होता म्हणून तो तसाच ठेवला. वायर त्या तुकड्याला बांधलेली राहिली. आम्ही रोज ती बघत होतो. ती कुठेच जात नव्हती.

"म्हणजे बठ्ठा गावले अर्थिंग नही?" नाना म्हणाले. नाना स्वतःच्या घराच्या दिशेने बघायला लागले. त्यांची नातवंडं घरी होती. मग ते धोतर सावरत निघालेच, वाटेत प्रत्येक दारात थांबून ओरडत.

मेकॅनिकने पहार ओल्या जागी, सांडपाण्याच्या मोरीजवळ खोल ठोकली. बल्बची एक वायर पहारीला बांधली, दुसरी कॉम्प्युटरच्या डब्याला. म्हणाला, अर्थिंग नाही हे कळलं, पण करंट डब्यात सोडतंय कोण ते कळायला हवं. डब्यात करंट आला तर हा बल्ब सांगेल.

मेन चढवला. कॉम्प्युटरची पिन लावली, बल्ब गप्प. फॅटच्या मशीनची लावली, गप्प. काट्याची, गप्प. वीज गेल्यावर चालायला बॅटरीचा डबा असतो त्याची, गप्प. तो टेस्टर घेऊन प्रत्येक वस्तूला लावत गेला, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून आतही लावला. कुठेच नाही. मला वाटलं होतं, काही सापडलं तर भीती वाटेल. काही सापडत नव्हतं ते जास्त वाईट होतं. सून जळगावला शुद्धीशिवाय पडली होती आणि या खोलीत सगळं चांगलं होतं.

तो घामाने निथळत होता. घाम नाकावरून त्या उघड्या डब्यात पडायला लागला. डब्याचं झाकण लावायला त्याने हात पुढे केला आणि मान न वळवता म्हणाला, "अक्का, जरा कूलर लावा हो. काही दिसेनासं झालंय."

मी काठीच्या टोकाने कूलरचं बटण दाबलं. हाताने दाबायची माझी हिंमत नव्हती.

बल्ब पेटला. लालसर, मंद, पण पेटला.

त्याचा हात डब्यापासून वीतभर होता. तो तसाच हवेत राहिला. आम्ही दोघं त्या बल्बकडे बघत होतो. कूलर घरघरत होता, थंड वारा येत होता, आणि बल्ब जळत होता.

"बंद करा," तो हळू म्हणाला. मी काठीने बटण पाडलं. बल्ब विझला.

त्याने ते परत करून बघितलं, कारण करावंच लागतं. बटण वर, बल्ब चालू. बटण खाली, बल्ब बंद. कूलरमधला पाण्याचा पंप आतून खराब झालेला होता. त्याचा करंट कूलरच्या पत्र्यात, पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीत, आणि त्या वायरीला जमीन नव्हती म्हणून बोर्डातून उलटा फिरून कॉम्प्युटरच्या डब्यात. कूलर लाकडी चौकटीत बसवलेला, लोखंडी टेबलाच्या पायांना रबरी टोप्या, म्हणजे तिकडूनही जमिनीत उतरायला वाट नाही. कूलरला हात लावायच्या आधी आम्ही नेहमी पिन काढत होतो. म्हणून तो कुणाला कधी लागला नाही. आणि अंगणातल्या नळाला पाणी पहाटे यायचं, तेव्हा कूलर बंद असायचा.

तो बाहेर येऊन ओट्यावर बसला. मी त्याला पाणी दिलं, प्लॅस्टिकच्या मगातून.

"आधी काटा फरशीवर होता," तो म्हणाला. "करंट काट्याच्या वायरीतून ओल्या फरशीत उतरत होता. म्हणून ती जागा जळली. म्हणून कॉम्प्युटर बंद पडायचा. ओल वर चढत नव्हती, अक्का. करंट खाली जात होता. मी पाट ठेवायला लावला आणि त्याची वाट बंद केली." पाण्याचा मग तसाच भरलेला त्याच्या हातात होता. "बंद पडत होता तेच बरं होतं."

"हे आता तिला सांगून काय करू?" मी म्हटलं. त्याला आणखी लागावं म्हणून नाही. मला खरंच माहीत नव्हतं की ती ऐकायला असेल की नाही.

गावातून आरडाओरडा येत होता. घराघरांतून कूलर बंद होत होते. एवढ्या उन्हात सारं गाव एकदम शांत झालं. कूलरची घरघर आम्हाला इतकी सवयीची की ती थांबल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

त्या शांततेत फोन वाजला. गाठ सुटेना. मेकॅनिक उठला आणि त्याने पदराची गाठ सोडली, नाहीतर परका माणूस बाईच्या पदराला हात लावत नाही. फोन माझ्या कानाला लावला.

"माय," मुलगा म्हणाला आणि पुढे बोलेना. मागे कुणीतरी रडत होतं, बहुतेक तिची आई, सोनगीरची.

"बोल," मी म्हटलं. "काय शे ते बोल. उभी शे मी."

"ती बोलनी, माय."

"काय बोलनी?"

"'माले आत्यानी काबर मारं?' आसं इचारस."

मी भिंतीला टेकले. मग लक्षात आलं ती त्याच खोलीची भिंत आहे आणि झटकन बाजूला झाले.

"सांग तिले," मी म्हटलं, "परत चिकटनी तं परत मारसू."

मेकॅनिकने तोंडावरून हात फिरवला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मग आत गेला, काट्याखालचा पाट काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो धुतला आणि उन्हात ठेवला. त्यात पाटाचा काही दोष नव्हता.

संध्याकाळचं दूध अंगणात, झाडाखाली, जुन्या हाताच्या तराजूने मोजलं. दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं, मग गावभर खड्डे झाले. कूलर भंगारात गेला. त्या खोलीत आता दुधासमोर रबरी चप्पल चालते, नानांनीच तसं ठरवलं. लक्ष्मीला काय वाटलं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. मी अजून कुठलंही बटण काठीनेच दाबते. लोक हसतात, हसू द्या.

सुनेच्या मनगटात सळई आहे. थंडीत दुखतं. त्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत, म्हणून ती डाव्या हाताने टाइप करते. मुलाच्या नडगीवर काठीचा वळ बरेच दिवस होता.

माझा नवरा आणि दीर विहिरीवर गेले. या खोलीतून सून वाचली, मुलगा वाचला, आणि मी.